मावशीच्या पायाखालचा ब्रेक

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि शिकवता शिकवता त्यांना देवाच्या गोष्टी सांगते. दोन्हीसाठी ती एकच आवाज वापरते. ‘आरशात बघा!’ आणि ‘क्षमा करा!’ ही दोन वाक्यं तिच्या तोंडून अगदी सारखी निघतात, त्यामुळे नवा शिकाऊ माणूस पहिले दोन दिवस नुसता भेदरलेला असतो. सव्वीस वर्षं ती हे करतेय. चौकात लाल दिव्याला आमची गाडी थांबली की आजूबाजूचे एक-दोन चालक तरी तिला ओळखून ताठ बसतात. मला त्यांची दया येते. मावशीला येत नाही.

तिची गाडी राखाडी, लहानशी, चारी बाजूंनी पोचे पडलेली. कुठला पोचा कुणाचा हे तिला तोंडपाठ आहे. हा दातांच्या डॉक्टरचा, हा पोस्टातल्या बाईंचा, आणि मागचा मोठा आहे तो आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा. शिकवणीच्या सगळ्या गाड्यांत असतात तसे हिच्याही शेजारच्या सीटपुढे जादा क्लच आणि ब्रेक आहेत. शिकाऊ भलतीकडे निघाला की शिकवणाऱ्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, गाडी जागच्या जागी उभी. पहिल्याच दिवशी मावशी ते पेडल बुटाने ठोकून दाखवते.

‘‘हे बघून ठेवा,’’ ती म्हणते. ‘‘आपला प्रभू असाच शेजारच्या सीटवर बसलेला आहे. स्टिअरिंग तुमच्या हातात, पण ब्रेक त्याच्याही पायाखाली. मग घाबरायचं कशाला?’’

दातांचे डॉक्टर म्हणाले होते, ‘‘मग बाई, त्यालाच चालवू दे ना, मी शेजारी बसतो.’’ यावर मावशी इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. नंतर तिने ते वहीत लिहून ठेवलं.

हो, वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, गाडीच्या कप्प्यात. जे दिसेल त्यातून मावशी धडा काढते आणि वहीत टाकते. थंडीत काच धुरकटली की: धुकं बाहेर नाही, आपल्याच श्वासाचं आहे, शेजाऱ्याला दोष देण्याआधी आतून पुसा. इंडिकेटर देऊन वळलाच नाहीत की: प्रार्थनेत कबूल केलं आणि केलं नाही, त्यातलाच प्रकार. न्यूट्रलमध्ये इंजिन गुरगुरत असलं की: आपली मंडळी रविवारी गाणी मोठ्याने म्हणते, सोमवारी गाडी हलत नाही. हे शेवटचं तिने पाळकसाहेबांना तोंडावर ऐकवलं. त्यांनी ते पुढच्या रविवारी उपदेशात वापरलं, आणि मावशी पहिल्या बाकावर मालकिणीसारखी बसून होती.

आता माझ्या आईकडे येते, कारण हे सगळं तिच्यावरून झालं.

आई ही मावशीची धाकटी बहीण. नऊ वर्षांचं अंतर. माझी आजी गेली तेव्हा आई पाच वर्षांची होती आणि मावशी चौदाची. त्या दिवशी मावशीने तिला कडेवर घेतलं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. आई आता त्रेपन्न वर्षांची आहे, रुग्णालयातली सगळ्यात जुनी नर्स आहे, ज्युनियर डॉक्टर तिला विचारल्याशिवाय सुईला हात लावत नाहीत. पण मावशीबरोबर जेवायला बसली की मावशी तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देते. आई तो चवीने खाते. मला वाटतं, तिला ते आवडत असावं.

गेली नऊ वर्षं आई रुग्णालयाच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून घरोघरची फेरी करते. अंथरुणाला खिळलेली अकरा माणसं आहेत. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाजवळ नुसतं दहा मिनिटं बसायचं. गाडी चालवायला एक म्हातारे ड्रायव्हरकाका होते. ते चार महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळणार नव्हता. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आईला बोलावून स्पष्टच सांगितलं, ‘‘सिस्टर, तुम्ही लायसन्स काढलंत तर फेरी तुमच्याकडे. नाहीतर मला ती बंद करावी लागेल.’’

हे चार महिन्यांपूर्वीचं. त्याच संध्याकाळी आई मावशीच्या गाडीत बसली. मी मागच्या सीटवर, कारण दोघी बहिणी एकट्या गेल्या तर बोलणं बंद करूनच परततील अशी मला खात्री होती. मी शाळेत शिकवते, सकाळी सहा ते सात मला वेळ असतो. तो तास मी चार महिने त्या मागच्या सीटवर काढला. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी काढला.

आई छान शिकली. निदान आम्हाला तसं वाटलं. गल्लीतून बाहेर पडणं, वळण, गाडी मागे घेणं, सगळं जमायला लागलं. चढावर तर तिने कमालच केली. परीक्षेत सगळे रडतात ते चढावर. तिथे गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. आई थांबायची, निघायची, गाडी तसूभर मागे जायची नाही. मावशी मागे वळून माझ्याकडे बघायची, ‘बघ माझी बहीण!’ अशा नजरेने.

आणि आई परीक्षेत नापास झाली. चढावर गाडी सरळ मागे घसरली. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा गेली, पुन्हा तिथेच. परीक्षक पाय सीटखाली ओढून दगडासारखे बसतात, त्यांनी फक्त कागदावर फुली मारली.

‘‘माझ्याबरोबर तर चुकत नाही!’’ मावशी हैराण झाली. ‘‘परीक्षकाला बघून ही शिकलेलं विसरते. भीती! दुसरं काही नाही. विश्वास कमी पडतोय.’’ विश्वासावर मग तिने चढ चढेपर्यंत पुरेल एवढं ऐकवलं. आई ऐकत होती आणि तिचे डोळे भरत होते. त्या दिवशी ती फेरीवर गेली तेव्हा एका आजींनी तिला विचारलं होतं, ‘‘सिस्टर, पुढच्या महिन्यापासून माझी जखम कोण धुणार?’’ तिसरी परीक्षा महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी होती. त्यानंतरची तारीख थेट दोन महिन्यांनी मिळणार होती, आणि तोवर फेरी बंद झालेली असणार होती.

त्याच आठवड्यात ब्रेक कुरकुरायला लागला म्हणून मावशीने गाडी गॅरेजमध्ये नेली. मीही बरोबर होते. मेस्त्री हातात बॅटरी घेऊन पेडलांखाली डोकं खुपसून बराच वेळ पडून राहिले. मग ते बाहेर आले आणि त्यांनी रबराचे दोन तुकडे मावशीसमोर धरले.

‘‘ही दोन्ही पेडलांची रबरं चार महिन्यांपूर्वी मीच एका दिवशी बसवली होती,’’ ते म्हणाले. ‘‘हे शिकाऊच्या बाजूचं. रेघा अजून शाबूत आहेत. आणि हे तुमच्या बाजूचं.’’

मावशीच्या बाजूचं रबर गुळगुळीत झालं होतं. मधोमध तर आरपार भोक.

‘‘राग मानू नका ताई,’’ मेस्त्री म्हणाले, ‘‘पण ही गाडी चालवतं कोण?’’

घरी येईपर्यंत मावशीने एकही धडा काढला नाही. गल्लीच्या तोंडाशी मात्र गाडी थांबवून म्हणाली, ‘‘उद्या तू मागे बसशील तेव्हा माझ्या पायाकडे बघ. मोज. आणि तिला सांगू नकोस.’’

मी मोजलं. जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने रेघ मारत गेले. आधी पोस्टातल्या बाईंची शिकवणी होती, लायसन्स मिळून वर्ष झालं तरी त्या हात साफ करायला येतात. घर ते चर्च एवढ्या रस्त्यात मावशीने त्यांच्यासाठी दोनदा ब्रेक दाबला, एकदा मांजरासाठी. मग आई बसली. तोच रस्ता, तेच अंतर. एकतीस वेळा! वळणाआधी, वळणात, समोर सायकल दिसली की, दिसेल असं वाटलं की. आणि चढावर तर मावशीचा पाय ब्रेकवरून हललाच नाही. आईने क्लच सोडेपर्यंत गाडी मावशीने धरून ठेवली होती. ती इतक्या हळुवारपणे सोडली की आईला कळूही नये. मावशीला स्वतःलाही कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तिचा चेहरा तेव्हा प्रार्थनेत असतो तसा शांत होता.

गाडी थांबल्यावर मी पाकीट तिच्या हातात दिलं. आईने ते ओढून घेतलं आणि विचारलं, ‘‘हे काय?’’ मग सांगावंच लागलं.

आई संतापली. ती संतापते तेव्हा आवाज खाली जातो. ‘‘म्हणजे चढ मला येतच नव्हता? चार महिने तू चढलीस, ताई? आणि मी परीक्षेला गेले, तिथं तोंडावर आपटले, आणि तू मला विश्वास कमी पडतो म्हणून सांगितलंस?’’

‘‘मला तुला लागू द्यायचं नव्हतं गं,’’ मावशी म्हणाली.

‘‘अकरा माणसं आहेत, ताई. त्यांना काय सांगू मी?’’ असं म्हणून आई उतरली आणि चालत कामावर गेली. परीक्षेला आठ दिवस राहिले होते.

शुक्रवारी चर्चमागच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं, आणि दर आठवड्याला मावशीचा एक धडा. त्या शुक्रवारी ती उठली तेव्हा सगळ्या सवयीने मागे रेलून बसल्या. आई तिसऱ्या ओळीत होती. दोन दिवस ती मावशीशी बोलली नव्हती, पण आली होती.

‘‘आज धडा नाही,’’ मावशी म्हणाली. ‘‘आज कबुली आहे. सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, प्रभूच्या पायाखाली ब्रेक आहे. ते खरंच आहे. पण तो ब्रेक दाबत बसत नाही गं बायांनो! माझे यजमान गेले तेव्हा मला वाटलं, हा शेजारी बसून झोपला की काय. किती वेळा माझी गाडी भर चौकात बंद पडली, त्याने पडू दिली. आता कळतंय. तो झोपला नव्हता. मी पुन्हा किल्ली फिरवते की नाही, ते बघत बसला होता. त्याने मला शिकू दिलं. आणि मी माझ्या बहिणीला शिकू दिलं नाही.’’ तिने नाक पुसलं. ‘‘मी देवापेक्षा जास्त काळजी घ्यायला निघाले होते. चुकले. सगळ्यांसमोर माफी मागते.’’

मग तिसऱ्या ओळीतून आईचा आवाज आला, अगदी वॉर्डात देते तसा.

‘‘माफ केलं. पण उद्या सकाळी सहाला गाडीत दोन्ही पाय वर घेऊन बसायचं.’’

सगळ्या खोलीला हसू फुटलं. चहा ओतणाऱ्या बाईंनी तर कप भरून वाहिला तरी ओतणं सोडलं नाही.

आणि मावशी खरंच तशी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट काढून, शेजारच्या सीटवर मांडी घालून, दोन्ही हात डोक्यावरच्या कडीला. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दाराला टेकलेले, पट्टा गळ्याशी. पाण्याच्या टाकीमागे एक खडा चढ आहे, आम्ही तिथे गेलो. आईने मध्यावर गाडी थांबवली. मी मागे बघितलं, रस्ता मोकळा होता. आईने ब्रेक सोडला आणि गाडी मागे निघाली.

‘‘प्रभू!’’ मावशी ओरडली. तिचा एक पाय खाली येऊ पाहत होता. तो तिने दोन्ही हातांनी धरून पुन्हा मांडीत कोंबला. आईने हँडब्रेक ओढला. गाडी हातभर घसरून थांबली.

‘‘पुन्हा,’’ आई म्हणाली.

सहा वेळा घसरली किंवा बंद पडली. कडेच्या घराच्या गॅलरीत एक गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते, ते झारी खाली ठेवून बघायला लागले. ‘‘बाई, तुम्ही गाडीत ध्यानाला बसता का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही,’’ मावशी डोळे मिटूनच म्हणाली, ‘‘हात-पाय आवरायला शिकतेय.’’

सातव्या वेळी आईने क्लच इतका सोडला की गाडीचं नाक जरासं उचललं गेलं, इंजिनाचा सूर बदलला, तिने तो ऐकला, हँडब्रेक खाली केला, आणि गाडी चढली. वरपर्यंत चढली! गॅलरीतल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. आई आणि मी किंचाळत होतो. मावशीने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘माझे दोन्ही पाय बधिर झालेत, मला कुणीतरी उलगडा.’’ वर पोचल्यावर आम्ही तिला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इतक्या हसलो की पोटात दुखायला लागलं. मग आईने गाडी वळवली आणि पुन्हा खाली नेली. त्या पाच दिवसांत तो चढ ती किती वेळा चढली ते मी मोजलं नाही.

गुरुवारी परीक्षेला मावशी आणि मी कुंपणाबाहेर उभ्या होतो. परीक्षक तेच, पाय सीटखाली ओढून बसणारे. चढावर आईने गाडी थांबवली. निघताना गाडी बंद पडली. मावशीने कुंपणाची जाळी घट्ट धरली, पण ‘क्लच, क्लच!’ म्हणून ओरडायचा मोह तिने गिळला. आईने हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. थोडा वेळ काहीच झालं नाही, ती इंजिन ऐकत असावी. मग गाडी शांतपणे वर गेली, तसूभरही मागे न येता.

मला वाटतं, परीक्षक त्या दिवशी पहिल्यांदा आईशी बोलले. कागदावर सही करताना म्हणाले, ‘‘बंद पडल्यावर बहुतेक जण गांगरतात. तुम्हाला कुणी शिकवलं?’’

‘‘माझ्या बहिणीने,’’ आई म्हणाली, ‘‘गेल्या पाच दिवसांत.’’

पुढच्या सोमवारी पांढऱ्या गाडीची पहिली फेरी होती. मावशीने त्या दिवसाच्या सगळ्या शिकवण्या रद्द केल्या. रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, ‘‘मी येऊ का बरोबर? नुसती बसेन.’’ आईने तिच्याकडे पाहिलं, गोंजारल्यासारखं हसली, आणि मलमपट्टीची पेटी शेजारच्या सीटवर ठेवली. मग ती गेली. मावशी पहिला एक तास फाटकाशी उभी होती, दुसऱ्या तासाला मी तिला बाकावर बसवलं, आणि दुपारनंतर ती पहारेकऱ्याला इंडिकेटरवरचा धडा सांगायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी शाळेतून दोनदा येऊन बघून गेले.

साडेपाचला पांढरी गाडी फाटकातून आत आली. आई उतरली. केस विस्कटलेले, पाठ घामाने चिकटलेली, आणि चेहरा असा की तसा मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

‘‘बंद पडली का कुठे?’’ मावशीने पहिल्यांदा हेच विचारलं.

‘‘दोनदा. बाजाराच्या तोंडाशी. मागे सगळे हॉर्न मारत होते. एक टेम्पोवाला तर खाली उतरून भांडायला आला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय! त्याला म्हटलं, दादा, जरा दम धरा, आणि पुन्हा सुरू केली.’’ आई एका दमात सांगत होती. ‘‘अकराही घरं झाली, ताई. आजींची जखम धुतली. त्या निवृत्त मास्तरांना मी गाडी चालवत आले हे खरंच वाटेना. त्यांना मी खिडकीकडे कुशीवर वळवलं, तेव्हा त्यांनी बाहेर उभी गाडी बघितली. म्हणाले, जाताना एकदा हॉर्न वाजवा. वाजवला मी.’’

‘‘आणि मी तिथे नव्हते!’’ मावशी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ‘‘ऐकलंत का हो?’’ ती पहारेकऱ्याकडे वळली. ‘‘बाजारात बंद पडली, हिने पुन्हा सुरू केली, आणि मी तिथे नव्हतेच! एकटीने केलं तिने!’’

‘‘एकटी कुठे होते?’’ आई म्हणाली. ‘‘पेटीपलीकडे बसला होता की तो. ब्रेकला पाय लावला नाही त्याने. पण हॉर्न वाजत होते ना सगळीकडून, तेव्हा मला अगदी जाणवलं, कुणीतरी शेजारी आहे आणि त्याला मुळीच घाई नाही.’’

मावशीने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग तिने खिशातून फाटकाशी उभ्या असलेल्या आपल्या राखाडी गाडीची किल्ली काढली आणि आईच्या हातात ठेवली. मी नेहमीसारखी मागच्या सीटवर बसले, तर तीही पुढची सीट सोडून मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसली.

‘‘सरक जरा,’’ ती मला म्हणाली.